मर्यादेची शिदोरी

नाताळच्या सुटीत मित्रासह परदेशी, पाठीवर पिशवी घेऊन

डिसेंबरचा मध्य उलटला की आपल्या व्यापारी घरांतून अलीकडे एक नवा प्रश्न दरवर्षी उपस्थित होऊ लागला आहे. सूर्य धनु राशीत शिरल्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात. गुजराती घरांत या काळाला कमुरता म्हणतात, मारवाडी घरांत मळमास. कापड, दागिने, भांडी यांच्या पेढ्यांवरची गर्दी ओसरलेली असते. ज्यांची मुले नोकरीत आहेत त्यांच्या कचेऱ्याही नाताळ ते नववर्ष या आठवड्यात एक तर बंद असतात किंवा मंद चालतात. नेमक्या याच वेळी मुलगा किंवा मुलगी विचारते, "पप्पा, मित्राबरोबर दहा-बारा दिवस परदेशी जाऊन येऊ का? टूर नाही, सोबत स्वयंपाकाचा महाराज नाही, पाठीवर फक्त एक पिशवी."

त्यानंतरचे संभाषण बहुतेक घरांत एकसारखेच होते. आई विचारते, खाशील काय? आजी विचारते, राहशील कुठे? वडील विचारतात, सोबत कोण आहे? तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे मिळाल्याखेरीज होकार देऊही नये. परंतु या तिन्हींच्या मुळाशी असलेला चौथा प्रश्न क्वचितच विचारला जातो: निघण्यापूर्वी मर्यादा काय ठरवली आहे? प्रवास सुखाचा होतो की मैत्री, पैसा आणि नियम या तिन्हींना तडा जाऊन मूल घरी परतते, हे पुष्कळदा याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

प्रवास आपल्याला नवा नाही

परदेशगमन ही पाश्चात्त्यांकडून आलेली हौस आहे, असे मानणाऱ्यांनी आपल्याच कथासाहित्याकडे एकदा पाहावे. जैन कथांतील नायक वारंवार सार्थवाह असतो. तो शेकडो माणसांचा तांडा घेऊन अरण्ये ओलांडतो, जहाजात माल भरून सुवर्णद्वीपाला जातो, वादळात सापडतो आणि परत येतो. अलीकडच्या काळातले उदाहरण वीरचंद राघवजी गांधी यांचे. १८९३ साली शिकागो येथे सर्वधर्मपरिषद भरली, तेव्हा आचार्य आत्मारामजी महाराजांना निमंत्रण आले होते. साधू वाहनाचा उपयोग करीत नाहीत, म्हणून त्यांनी प्रतिनिधी म्हणून एकोणतीस वर्षांच्या या श्रावकाला पाठविले. समुद्र ओलांडण्याला समाजातून विरोधही झाला. तरीही वीरचंदभाई गेले आणि आपला आचार सांभाळून त्यांनी परक्या भूमीवर धर्माची ओळख करून दिली.

श्रावकाच्या बारा व्रतांत प्रवासाला बंदी नाही. त्याला परिमाण आहे. दिग्व्रत म्हणजे कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची सीमा आधीच आखून घेणे. देशव्रत, ज्याला देशावकाशिकही म्हणतात, ते ती सीमा काही काळापुरती आणखी आवळते. शास्त्रकारांनी दिग्व्रताचे जे अतिचार सांगितले त्यांतील दोन आजच्या तरुण प्रवाशाने पाठ करावेत असे आहेत. एक क्षेत्रवृद्धी, म्हणजे लोभाने ठरलेले क्षेत्र वाढविणे. दुसरा स्मृत्यंतराधान, म्हणजे ठरवलेली सीमाच विसरणे. विमानाचे स्वस्त तिकीट दिसले म्हणून आणखी एक शहर यादीत घालणे हे पहिल्याचे आधुनिक रूप आहे. "आपण खर्च किती ठरवला होता रे?" असे आठव्या दिवशी मित्राला विचारावे लागणे हे दुसऱ्याचे.

आधी सूर्य, मग नकाशा

नाताळची सुटी म्हटली की डोळ्यांपुढे युरोपातील बर्फ उभे राहते. मात्र रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याने तिकिटापूर्वी सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा पाहाव्यात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनमध्ये सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारला काही मिनिटे बाकी असतानाच मावळतो. नवकारशीची ४८ मिनिटे सोडली तर अन्नपाण्यासाठी जेमतेम सात तास उरतात, आणि ते ऐन भटकंतीचे तास असतात. चौविहार करणाऱ्याला हे अशक्य नाही, पण थंडीत चालून थकलेल्या नवख्याची त्यात कसोटी लागते.

आग्नेय आशियात गणित सोपे होते. उदाहरण म्हणून व्हिएतनाम घेऊ. तरुण प्रवाशांत हा देश लोकप्रिय आहे आणि आपल्या दृष्टीने त्याच्याकडे पाहण्यासारखी आणखीही कारणे आहेत. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. डिसेंबरअखेर हनोईत सूर्योदय साडेसहाच्या आसपास आणि सूर्यास्त सव्वापाच-साडेपाचच्या दरम्यान होतो. दक्षिणेकडील हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे जुन्या सायगावात, सूर्य आणखी थोडा वेळ रेंगाळतो. उत्तरेत या दिवसांत स्वेटर लागतो, दक्षिणेत कोरडी उबदार हवा असते आणि मध्य किनाऱ्यावर पावसाळ्याचे शेपूट अजून बाकी असते. १५ ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनाम ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देतो. त्याचे एका प्रवेशाचे शुल्क २५ डॉलर आहे. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा आणि नाव पासपोर्टवरील अक्षरांशी तंतोतंत जुळते ना, हे दोघांनी एकमेकांचे तपासावे.

तारखा ठरवताना पंचांगही उघडावे. पार्श्वनाथ भगवंतांचे जन्मकल्याणक डिसेंबरात किंवा जानेवारीच्या आरंभी येते. अनेक घरांत त्या दिवशी तप असते, कोणी अठ्ठमही करतो. तो दिवस रात्रीच्या रेल्वेप्रवासात किंवा विमानतळावर काढावा लागू नये, याची काळजी महिनाभर आधी घेतली तर पुढे हळहळ उरत नाही.

खाणार काय?

आईच्या या प्रश्नाचे उत्तर व्हिएतनाममध्ये अनपेक्षितपणे एका ओळखीच्या उच्चाराने मिळते. तेथील भाषेत शाकाहाराला जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारण 'चाय' असा होतो. दुकानाच्या पाटीवर तो दिसला तर तेथे चहा नव्हे, निरामिष जेवण मिळते. हा महायान बौद्ध परंपरेचा वारसा. तेथील पुष्कळ कुटुंबे चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार टाळतात, आणि त्या दिवशी अशा खाणावळींत विशेष गर्दी असते. कडक परंपरेच्या बौद्ध स्वयंपाकात कांदा, लसूण आणि त्याच कुळातील उग्र वासाच्या वनस्पतीही वर्ज्य असतात. आपल्या पाहुण्याला हे ऐकून हायसे वाटावे.

तथापि 'चाय' म्हणजे जैन भोजन नव्हे, हेही तितकेच स्पष्ट असावे. गाजर, मुळा, अळकुड्या, बटाटे यांना तेथे मज्जाव नाही. अळिंबी तर जवळजवळ प्रत्येक पदार्थात असते. सर्वच 'चाय' खाणावळी लसूण टाळतात असेही नाही. काही ठिकाणी सोयाबीनचे पदार्थ मासळी किंवा मांसाच्या आकारात मांडलेले असतात. ते निरामिष असले तरी पाहून मन कचरते. साध्या हॉटेलातील 'भाजी' तर अधिकच फसवी, कारण तेथे माशांपासून केलेला पातळ खारट रस मिठासारखा वापरला जातो आणि सूप हाडांच्या पाण्यात शिजते. म्हणून नियम एकच ठेवावा: 'चाय' पाटी असेल तेथेच शिजलेले अन्न, आणि तेही विचारून. साधा भात, सोयाचे पनीर, टोमॅटो, दुधी-दोडक्यासारख्या फळभाज्या आणि आपल्याकडे नाळीची भाजी म्हणून ओळखली जाणारी पालेभाजी तेथे सर्वत्र मिळते. केळी, पपनस, ड्रॅगन फ्रूट आणि शहाळी रस्त्यावर असतात.

विचारण्यात एक गंमत आहे. 'तोइ आन चाय' म्हणजे 'मी शाकाहारी आहे'. पण ही भाषा सुरांवर चालते. 'मी' आणि 'लसूण' या दोन्ही अर्थांचे शब्द परक्या कानाला 'तोइ' असेच ऐकू येतात. फरक केवळ स्वराच्या चढउताराचा. लसूण नको म्हणताना भलतेच काही बोलले जाण्याचा संभव असल्यामुळे, काय चालते आणि काय चालत नाही हे त्यांच्या लिपीत छापलेले कार्ड खिशात ठेवावे. दहा शब्दांचे ते कार्ड दहा पाकिटे खाखऱ्यांइतकेच उपयोगी पडते.

खाखरे मात्र न्यावेतच. खाखरा, भाजलेले पोहे, चणे, सुका मेवा, मुगाचे तयार पीठ आणि दोन भांडी एवढ्यावर संध्याकाळची सोय होते. पाणी उकळण्यासाठी किटली बहुतेक वसतिगृहांत असते. लांब पल्ल्याच्या गाड्यांतही प्रवाशांना गरम पाणी मिळते. सूर्यास्त साडेपाचच्या आत आहे हे लक्षात ठेवून चार वाजताच पिशवी उघडण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. गाडी उशिरा पोहोचेल, मग जेवू, असे म्हणणाऱ्याचा नियम पहिल्याच आठवड्यात मोडतो.

एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगायला हवी. तेथील बाजारात जिवंत मासे, कोंबड्या, खेकडे उघड्यावर विकले जातात. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मुलाला ते दृश्य सोसत नाही, आणि न सोसणे हे स्वाभाविकच आहे. त्या गल्लीतून दुसऱ्या रस्त्याने जावे. पण करुणा जिवांविषयी असावी. विकणाऱ्या बाईविषयी तिरस्कार नसावा. तिच्या घरचे जेवण नाकारताना हात जोडून, हसून नाकारता आले, तर तोही एक संस्कारच.

राहणार कुठे, आणि नेणार किती?

आजीच्या प्रश्नाचे उत्तर वसतिगृह. तरुण प्रवाशांसाठी कायमस्वरूपी वसतिगृह ही कल्पना जर्मनीतील आल्टेना येथील किल्ल्यात १९१२ साली एका शाळामास्तराने प्रत्यक्षात आणली. आज जगभर अशी हॉस्टेले आहेत. एका खोलीत चार, सहा, आठ खाटा; सामानासाठी कप्पा; कुलूप आपले. मुलींसाठी स्वतंत्र खोल्या अनेक ठिकाणी असतात. दोघी मैत्रिणी निघाल्या असतील तर आरक्षण करतानाच तशी खोली निवडावी. मुलाला होकार आणि मुलीला नकार देणाऱ्या घराने आपला नकार अंतरामुळे आहे की सवयीमुळे, हे एकदा तपासून पाहावे. नियम दोघांना एकच लावता येतात.

स्वस्त विमानकंपन्या केबिनमध्ये बहुधा सात किलो सामान नेऊ देतात. हे सात किलो म्हणजे बॅकपॅकिंगचे खरे परिमाणव्रत. तीन जोड कपडे, एक स्वेटर, पातळ पावसाळी अंगरखा, पंचा, औषधे, कागदपत्रे, चार्जर, कुलूप, भांडी आणि दोन-अडीच किलो कोरडा खाऊ एवढ्यात काटा सातवर येतो. आठवी वस्तू घालायची तर एक काढावी लागते. आपल्या साधू-साध्वींच्या विहाराशी याची तुलना करणे औद्धत्याचे ठरेल. त्यांचा त्याग आयुष्यभराचा आणि हा बारा दिवसांचा. परंतु ज्या मुलाच्या कपाटात चाळीस शर्ट आहेत, त्याला तीन शर्टांत बारा दिवस सुखाने जातात हे पाठीनेच शिकावे लागते. प्रवचनात ऐकलेला अपरिग्रह तेथे वजनकाट्यावर चढतो.

सोबत कोण?

वडिलांचा प्रश्न सर्वांत कठीण. मित्र चांगला आहे, ओळखीच्या घरातला आहे, एवढे उत्तर पुरत नाही. दोन चांगली माणसेही बारा दिवस एका खोलीत, एका बजेटवर आणि वेगवेगळ्या जेवणाच्या वेळांवर राहिली की कुरबुर सुरू होते. त्या कुरबुरीचे मूळ दहांपैकी आठ वेळा पैशात सापडते, आणि पैशाची कुरबुर न बोलल्यामुळे वाढते.

व्यापारी घरातील मुलांना यावरचा उपाय नव्याने शिकवायला नको. पेढीवर रोजमेळ लिहिला जातो तसाच तो प्रवासातही लिहावा. निघण्यापूर्वी एका कागदावर तीन रकाने आखावेत. पहिला सामाईक खर्चाचा: राहणे, गाडीभाडे, प्रवेशशुल्क. दुसरा व्यक्तिगत खर्चाचा: खाणेपिणे, खरेदी. तिसरा अडीअडचणीचा, ज्याला दोघांच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही. जेवण व्यक्तिगत रकान्यात ठेवण्याचे कारण आहे. एक जण चौविहार करणारा आणि दुसरा रात्री नऊला हॉटेलात जेवणारा असेल, तर सामाईक थैलीतून जेवणाचे पैसे दिले की पहिल्याला अन्याय वाटतो आणि दुसऱ्याला संकोच. रकाना वेगळा झाला की दोघेही मोकळे होतात.

उदाहरणाने हिशेब पाहू. एका रुपयाला साधारण तीनशे डाँग धरले तर आकडे लाखांत जातात आणि नवखा माणूस गोंधळतो. समजा, बारा दिवसांत सामाईक खर्च ६० लाख डाँग झाला. त्यांपैकी ४२ लाख पहिल्याच्या कार्डावरून गेले आणि १८ लाख दुसऱ्याने रोख दिले. प्रत्येकाचा वाटा ३० लाख, म्हणून दुसऱ्याने पहिल्याला १२ लाख डाँग, म्हणजे सुमारे ४,००० रुपये द्यायचे. येथे वाद उद्भवतो तो दरावरून. कार्डाने खर्च करणाऱ्याच्या खात्यातून परकीय चलन-रूपांतराचे शुल्क धरून जास्त रुपये वजा झालेले असतात. म्हणून आधीच ठरवावे की कार्डावरचा खर्च बँकेने प्रत्यक्ष वजा केलेल्या रुपयांतच मोजायचा. आणि हिशेब परतीच्या विमानात बसण्यापूर्वीच्या रात्री पुरा करायचा. मित्रांमधील उधारी सीमा ओलांडून घरी आणली की तिला व्याज लागत नाही, पण अबोला लागतो.

पैशाच्या बाबतीत आणखी चार खबरदाऱ्या. डाँग भारतात सहसा मिळत नाहीत, म्हणून थोड्या कोऱ्या डॉलरच्या नोटा आणि एक परकीय चलन कार्ड अशी विभागणी दोघांच्या पिशव्यांत करावी. २०२० पासून नव्या कार्डांवरील परदेशी वापर ग्राहकाने स्वतः सुरू केल्याशिवाय चालू नसतो, तेव्हा तो निघण्यापूर्वी सुरू करून त्याची कमाल रक्कम बांधून ठेवावी. परदेशातील यंत्राने 'रुपयांत घेऊ की स्थानिक चलनात?' असे विचारले तर स्थानिक चलनच निवडावे. रुपये निवडल्यास दर यंत्रवाल्याचा लागतो आणि तो बहुधा महाग पडतो. चौथी गोष्ट, २०,००० आणि ५,००,००० डाँगच्या नोटा दोन्ही निळसर असतात. अंधारात टॅक्सीवाल्याला एकीऐवजी दुसरी दिली तर पंचवीसपट भाडे जाते.

प्रवासविमा उतरवावा आणि त्यातील वगळलेल्या बाबी वाचाव्यात. तेथे भाड्याने मोटारसायकल घेण्याचा मोह सर्वांना होतो. आपला वाहनपरवाना तेथे ग्राह्य नसेल तर अपघातानंतर विमाकंपनी दावा नाकारते, आणि रुग्णालयाचे बिल बापाच्या पेढीवर येते. दुचाकी घ्यायची नाही, ही मर्यादा कागदावर पहिल्या क्रमांकाने लिहावी.

सोबत्याविषयीची आपली सर्वांत जुनी शिकवण एका प्रवासाच्याच कथेत आहे. ऋषभदेव भगवंतांच्या पूर्वभवातील धन सार्थवाहाने नगरात दवंडी पिटवली होती की ज्याला यायचे त्याने यावे, ज्याच्याजवळ शिदोरी नाही त्याला शिदोरी मिळेल. आचार्य धर्मघोष त्याच्या तांड्याबरोबर निघाले. वाटेत पावसाने तांडा अडकला, आणि आपल्या विवंचनेत सार्थवाह मुनींची सोय पाहायलाच विसरला. आठवण होताच तो लाजला, धावत गेला आणि त्याने भावपूर्वक तूप वहोरविले. तांड्याचा नायक कोणाचे वाईट चिंतीत नव्हता. तो फक्त सोबत्याला विसरला होता. प्रवासात मैत्री तुटते ती अशाच विस्मरणाने. एकाचा पाय दुखतो आहे, एकाची खायची वेळ टळते आहे, एकाला घरची आठवण येते आहे, हे दुसऱ्याच्या लक्षात राहिले की अर्धा प्रवास पार पडला.

हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. व्रत पाळणाऱ्याने आपल्या नियमाचे ओझे मित्राच्या पिशवीत टाकू नये. खाणावळ शोधणे, कार्ड दाखवणे, वेळेआधी उठणे हे त्याचे काम. मित्राने रात्री जेवताना त्याला कमीपणा आणू नये, आणि याने मित्राच्या ताटाकडे पाहून प्रवचन देऊ नये.

जे पाहायला मिळते

एवढ्या खबरदाऱ्या घेऊन जावे असे तेथे आहे तरी काय? हनोईत नाताळच्या आदल्या संध्याकाळी १८८६ मधील सेंट जोसेफ कॅथेड्रलपुढे दिवे लागतात. देशात ख्रिस्ती अल्पसंख्य आहेत आणि नाताळची सार्वजनिक सुटीही नसते, तरी सर्व धर्मांची तरुण मंडळी तेथे जमतात. निन्ह बिन्ह प्रांतातील फात झिएमचे दगडी चर्च तर बाहेरून बौद्ध मंदिरच वाटते. छपराची टोके वर वळलेली, खांब लाकडी. एका धर्माने दुसऱ्याच्या वास्तूचा पोशाख किती सहज अंगावर घेतला, हे अनेकान्त मानणाऱ्यांनी पाहावे असे आहे.

हनोईहून दक्षिणेला जाणारा लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा. तो १९३६ मध्ये पुरा झाला, युद्धात तुटला आणि १९७६ अखेर पुन्हा जोडला गेला. त्यावर ७९१ किलोमीटरवर दा नांग लागते आणि तेथून तीसेक किलोमीटरवर होई आन. व्यापारी घरातील मुलाने पाहावे असे हे गाव आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत येथे चिनी, जपानी, पोर्तुगीज, डच व्यापारी उतरत. जहाजे वाऱ्यावर चालत, म्हणून परतीचा वारा सुटेपर्यंत त्यांना महिनोन्‌महिने येथेच थांबावे लागे. चिनी व्यापाऱ्यांनी आपापल्या प्रांताची सभागृहे बांधली. फुजियान, कँटन, हैनान अशा प्रत्येकाचे वेगळे. तेथे गाववाल्यांची भेट होई, अडचणीतल्याला आधार मिळे आणि सागरदेवीची पूजा होई. आपल्याकडची धर्मशाळा, महाजनवाडी आणि देरासर एकाच अंगणात आणले तर जे होईल ते हे. जुनी घरे पुढे दुकान, मध्ये माणसे आणि मागे नदीकडे उघडणारे दार अशी. नदीला पूर आला की माल माडीवर चढवण्यासाठी काहींच्या तक्तपोशीत झडप ठेवलेली असते.

पुढे नदी गाळाने भरली, मोठी जहाजे दा नांगला जाऊ लागली आणि पेठ ओस पडली. ओस पडली म्हणूनच ती जुन्या रूपात वाचली, आणि १९९९ साली जागतिक वारशाच्या यादीत आली. ज्या घराण्यांनी वारा, नदी आणि बाजार एकाच जागी कायम राहतील असे गृहीत धरले त्यांचे काय झाले, हे तेथल्या गल्लीत उभे राहून जितके कळते तितके कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात कळत नाही.

तेथून जवळच मी सन येथे चंपा राजांची विटांची शिवालये आहेत. चौथ्या शतकापासून तेथे मंदिरे उभी राहिली आणि संस्कृत शिलालेख कोरले गेले. युद्धात बाँबवर्षावाने पुष्कळ उद्ध्वस्त झाली. त्यांच्या जीर्णोद्धाराचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केले, आणि त्या कामात २०२० साली नवव्या शतकातील अखंड वालुकाश्माचे शिवलिंग सापडले. आपल्या व्यापाऱ्यांचे आणि विद्वानांचे पूर्वज समुद्रापार काय घेऊन गेले होते, याचा तो मूक दाखला.

घराचीही मर्यादा

शेवटी काही गोष्टी घरी राहणाऱ्यांसाठी. मुलाने दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, 'सुखरूप' एवढा निरोप द्यावा. भारतातील आठ म्हणजे तेथील साडेनऊ हे दोघांनी लक्षात ठेवावे. घरच्यांनीही तासातासाला फोन करण्याचा मोह आवरावा. ही त्यांची मर्यादा. पासपोर्ट, व्हिसा, विमा आणि परतीच्या तिकिटाच्या प्रती घरी असाव्यात, दोन्ही मित्रांच्या पालकांकडे एकमेकांचे क्रमांक असावेत आणि हनोईतील भारतीय वकिलातीचा पत्ता कागदावर लिहून द्यावा, कारण फोन हरवला की त्यातला पत्ताही हरवतो.

आणि निघण्याच्या आदल्या रात्री दोन्ही मित्रांनी, शक्य असेल तर दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांसमोर, तो एक कागद पुरा करावा: किती दिवस, कोणती गावे, किती पैसे, किती वजन, कोणते नियम, कोणत्या गोष्टी करायच्या नाहीत. त्याच्या दोन प्रती कराव्यात आणि एकेक जवळ ठेवावी. पेढीवर भागीदारीचा करार लिहिताना अविश्वास वाटत नाही, मग येथे का वाटावा? तो कागद पिशवीत असला की खाशील काय, राहशील कुठे, सोबत कोण, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावर असतात. वजन त्याचे काहीच नाही. सात किलोंत सहज मावतो.